खुफूचा डोंगर आणि भाकरीचा हिशेब



हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये गेला, तेव्हा गिझाचा मोठा पिरॅमिड दोन हजार वर्षांचा म्हातारा झाला होता. तिथल्या वाटाड्याने त्याला पिरॅमिडच्या अंगावरचा एक लेख दाखवला आणि त्याचा अर्थही सांगितला: मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर सोळाशे टॅलंट चांदी खर्च झाली. हेरोडोटसला इजिप्तची लिपी येत नव्हती. वाटाड्याला तरी ती कितपत येत होती, याची अभ्यासकांना शंका आहे. परदेशी पाहुणा खूश व्हावा म्हणून त्याने काहीतरी ठोकून दिले असावे, असेच बहुतेकांचे मत पडते. पण लेखाचे वाचन खोटे धरले, तरी त्यावरून हेरोडोटसच्या मनात आलेला प्रश्न खराच होता. नुसत्या कांदा-मुळ्याला एवढा पैसा लागला, तर हत्यारांना, कपड्यांना आणि भाकरीला किती लागला असेल?

पुढच्या शतकांत हा प्रश्न मागे पडला. दगड किती जड, टोक किती उंच आणि आत काय दडलेय, याचीच चर्चा होत राहिली. गेल्या चाळीसेक वर्षांतल्या उत्खननांनी तो प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. पिरॅमिड कसा बांधला आणि कशासाठी बांधला, हे आपण दोन वेगळे विषय समजतो. इजिप्तच्या वाळूतून निघालेली कागदपत्रे पाहिली तर मात्र दोन्हींचा हिशेब एकाच वहीत सापडतो. धान्य गोळा करायचे, माणसांच्या पाळ्या लावायच्या, त्यांना खाऊ घालायचे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची, हे ज्या व्यवस्थेला जमले तिने पिरॅमिड उभा केला. आणि तो उभा राहिल्यावर तीच व्यवस्था मेलेल्या राजाला शतकानुशतके जेवू घालत राहिली.

आधी इमारतीकडे पाहू. गिझाचा हा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा. बांधला तेव्हा तो सुमारे १४६ मीटर उंच होता. पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर. चारही बाजू चार दिशांना इतक्या नेमक्या लागल्या आहेत की चूक अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. आतले दगड सुमारे तेवीस लाख आणि सरासरी वजन अडीच टन. काम तेवीस वर्षे चालले असे धरले आणि एकही सुट्टी दिली नाही, तर रोज २७० हून जास्त दगड बसायला हवेत. दहा तासांचा दिवस मानला, तर दर सव्वादोन मिनिटांना एक. हातात लोखंड नाही, कप्पी नाही, ओझ्याला चाकाचा गाडा नाही. तांब्याच्या छिन्न्या, कठीण दगडाचे हातोडे, लाकडी घसरगाड्या, दोर आणि माणसे, एवढेच भांडवल.

हे एका रात्रीत जमलेले नाही. खुफूच्या आधी शंभर वर्षांच्या आतच सक्कारा येथे जोसेर राजासाठी दगडाचा पहिला पिरॅमिड उभा राहिला होता. त्याचा कर्ता म्हणून इम्होतेपचे नाव घेतले जाते. जोसेरच्या एका पुतळ्याच्या बैठकीवर ते कोरलेलेही आहे. सुरुवातीला ते एक सपाट, चौकोनी थडगे होते. त्यावर एकेक टप्पा चढवत सहा टप्पे झाले आणि उंची साठ मीटरच्या वर गेली. दगड लहान होते, एकदोन माणसांना हाताळता येतील असे. मातीच्या विटांची सवय असलेल्या गवंड्याने दगडही विटेच्याच मापाने घडवला होता.

खरा प्रयोगशील राजा म्हणजे खुफूचा बाप स्नेफेरू. मैदूमला एक पिरॅमिड आणि दहशूरला दोन, असे तीन मोठे पिरॅमिड त्याच्या खाती जमा आहेत. दहशूरचा पहिला पिरॅमिड ५४ अंशांच्या चढाने वर जात होता. जमीन कच्ची होती, आतल्या दगडांना तडे जाऊ लागले आणि अर्ध्यावर आल्यावर चढ ४३ अंशांवर आणावा लागला. म्हणून तो आजही कंबरेत वाकलेला दिसतो. आतल्या एका दालनाला टेकू म्हणून दिलेल्या देवदाराच्या तुळया अजून तिथेच आहेत. त्याच्या उत्तरेचा लाल पिरॅमिड मग पहिल्या थरापासूनच ४३ अंशांत बांधला. या एका राजाने एकूण ३५ लाख घनमीटरहून अधिक दगड रचला. खुफूचा जगप्रसिद्ध पिरॅमिड २६ लाखांचा. मुलाला नुसते राज्य मिळाले नाही. चुका करून तयार झालेले कारागीर आणि दगड वाहण्याची बसलेली घडीही वारशात आली.

ही घडी कशी चालत होती, हे सांगणारा साक्षीदार २०१३ मध्ये भेटला. पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाचे पथक तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे एक प्राचीन बंदर खणत होते. डोंगरात कोरलेल्या तिथल्या गुहांमध्ये नावा सुट्या करून ठेवत. सिनाईतून तांबे आणायला जाताना त्या बाहेर काढून पुन्हा जोडत. गुहांची तोंडे मोठ्या दगडांनी बंद केलेली होती. त्या दगडांच्या फटींतून पपायरसचे शेकडो तुकडे निघाले. काळ खुफूच्या कारकिर्दीच्या २६व्या किंवा २७व्या वर्षाचा. मजकूर लिहिलेले याहून जुने पपायरस आजवर सापडलेले नाहीत.

त्यांतला एक गठ्ठा म्हणजे मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी. याच्या हाताखाली चाळीसेक माणसे आणि एक नाव. वरच्या आडव्या ओळीत महिन्याचे दिवस क्रमाने मांडलेले, आणि प्रत्येक दिवसाखाली उभ्या रकान्यांत त्या दिवसाचे काम. तुरा येथे टोळीने दगड ओढले, रात्री मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी दगड भरून नाव सुटली, रात्री खुफूच्या जलाशयापाशी मुक्काम. तिसऱ्या दिवशी पिरॅमिडपाशी पोहोचले, दगड उतरवले. मग रिकामी नाव घेऊन परत तुरा. तुराची खाण नाईलच्या पूर्व काठावर, गिझा पश्चिमेला. अंतर पंधराएक किलोमीटर आणि दहा दिवसांत दोन-तीन खेपा. नाईलला पूर आला की कालव्यांतून पाणी थेट पठाराच्या पायथ्याशी येई आणि नावेला तिथवर जाता येई. तुराचा हा पांढराशुभ्र चुनखडक पिरॅमिडच्या बाहेरच्या कवचासाठी होता. आतला भरणा गिझाच्याच पठारातून खणलेला आणि राजाच्या दालनाच्या ग्रॅनाइटच्या तुळया आठशे किलोमीटरवरच्या आस्वानहून आणलेल्या. त्यांतल्या काही पन्नास टनांहून जड आहेत.

मेरेर कुठेही भारावून लिहीत नाही. पिरॅमिडच्या थोरवीबद्दल त्याच्या रोजनिशीत अवाक्षर नाही. एका वरिष्ठाचे नाव मात्र त्यात येते: आंखहाफ, खुफूचा सावत्रभाऊ, गिझाच्या जलमार्गावरच्या नाक्याचा प्रमुख. या आंखहाफचा चुनखडीचा अर्धपुतळा बोस्टनच्या संग्रहालयात आहे. इजिप्तच्या शिल्पांत सहसा न दिसणारा खराखुरा चेहरा. पापण्या जड, डोळ्यांखाली पिशव्या, ओठ घट्ट मिटलेले. आधी केवळ उत्तम शिल्प म्हणून ओळखला जाणारा हा माणूस रोजनिशीमुळे एकदम कामावर हजर झालेला दिसतो.

रोजनिशीबरोबर हिशेबाचे कागदही निघाले. धान्य आणि भाकरी यांच्या खात्याला तीन रकाने आहेत: किती यायचे होते, किती आले, बाकी किती. शाई काळी आणि लाल. महसूल कचेरीत उमेदवारी केलेल्या कोणालाही हा कागद वाचता आला नाही तरी समजेल.

धान्य कागदावर होते, तसे जमिनीतही सापडले. स्फिंक्सच्या दक्षिणेला कावळ्याची भिंत म्हणून ओळखला जाणारा एक अजस्र दगडी बांध आहे. त्याच्या पलीकडच्या वाळूत मार्क लेनर यांच्या पथकाने १९८८ पासून खोदकाम केले आणि एक पुरे गाव उजेडात आणले. रस्ते, कोठारे, अधिकाऱ्यांची घरे, चाळीस-पन्नास माणसे झोपू शकतील अशी लांब, अरुंद दालने. हे अवशेष प्रामुख्याने खुफूनंतरच्या खाफ्रे आणि मेनकौरे या राजांच्या काळचे आहेत, पण कामाची रीत तीच. १९९१ मध्ये तिथे दोन भटारखाने सापडले. जमिनीत पुरलेली कणीक मळायची मोठी भांडी, निखाऱ्यांसाठी खणलेले चर आणि घंटेच्या आकाराच्या जाड मातीच्या साच्यांचे ढीग. साचा तापवायचा, आंबलेले पीठ ओतायचे, वर दुसरा तापलेला साचा उपडा घालायचा आणि भोवती निखारे लोटायचे. एकेक पाव काही किलोंचा होई. गहू खपलीचा. सांगली-साताऱ्याकडे आजही खीर आणि पोळीसाठी ज्याची आठवण निघते, तीच ही जात. त्यात ग्लुटेन कमी, म्हणून पाव फुगत नसे, घट्ट आणि जड राही. जोडीला बार्लीची बिअर. हाडांच्या ढिगांत मेंढ्या-बकऱ्या तर आहेतच, पण कोवळ्या वयात कापलेले बैलही पुष्कळ आहेत. ही जनावरे गावात पैदा होत नव्हती. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातून आणि दूरच्या वाड्यावस्त्यांवरून ती हाकत आणली जात.

राबणारे गुलाम होते का? हेरोडोटसने एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबल्याचे लिहिले. हॉलिवूडने त्यांच्या पाठीवर आसूड ओढले. बायबलमधल्या इस्राएली गुलामांची गोष्टही त्यात मिसळली गेली. वास्तविक बायबलमध्ये ते विटा पाडून कोठारांची शहरे बांधतात, पिरॅमिड नव्हे. १९९० मध्ये गिझाच्या वाळूत एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांचे कब्रस्तान हाती लागले. झाही हवास यांनी ते खणले. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत स्वतःचे थडगे, त्यात भाकरी आणि बिअरची मडकी, भिंतीवर नाव आणि हुद्दा. गुलामाला हा मान मिळत नसतो. पण सांगाड्यांचे मणके झिजलेले आहेत आणि गुडघ्यांना संधिवात आहे. मोडलेले हातपाय नीट बसवून बरे झाल्याच्या खुणाही आहेत. हाड बसवणारा माणूस कामावर होता, कारण हाडे मोडत होती.

यांतले थोडे कायमचे पगारी कारागीर होते आणि बाकीचे गावागावांतून पाळीने बोलावलेले. याला वेठ म्हणणेच योग्य. गावाने माणसे द्यायची, सरकारने त्यांना जेवण द्यायचे. एकूण संख्या हेरोडोटसच्या लाखापेक्षा पुष्कळ कमी, वीस-पंचवीस हजारांच्या घरात असावी, असा आजचा अंदाज आहे. माणसांचे ताफे, ताफ्यांच्या टोळ्या, टोळ्यांचे पाच-पाच गट. गटांना नावेच्या भागांवरून पडलेली नावे होती: नाळेकडचे, वरामेकडचे, उजव्या बाजूचे, डाव्या बाजूचे. खुफूच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांत, जिथे बांधून झाल्यावर कोणी पाऊल टाकणार नव्हते, तिथे टोळ्यांनी लाल रंगात आपली नावे खरडली आहेत. १८३७ मध्ये हॉवर्ड वाइजने सुरुंग लावून त्या पोकळ्या उघडल्या तेव्हा ती दिसली. एक टोळी स्वतःला खुफूचे मित्र म्हणवते. पुढे मेनकौरेच्या पिरॅमिडवर तर मेनकौरेचे झिंगलेले अशीही टोळी भेटते.

दगड वर कसे चढवले, यावर ग्रंथांचे ढीग पडले आहेत. त्यांतले ठोस तेवढे असे. इ.स.पू. १९०० च्या सुमाराच्या जेहुतिहोतेपच्या थडग्यातील चित्रात १७२ माणसे एका प्रचंड पुतळ्याची घसरगाडी ओढताहेत आणि गाडीच्या पुढ्यात उभा एक माणूस वाळूवर पाणी ओततो आहे. हा धार्मिक विधी असावा असे पुष्कळ दिवस मानले गेले. २०१४ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठात ओल्या वाळूवर प्रयोग झाला. पाण्याचे प्रमाण नेमके असेल तर ओढायला लागणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. २०१८ मध्ये हातनुबच्या खाणीत खुफूच्या काळातला एक तीव्र चढाचा रस्ता मिळाला. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवण्याची भोके. दोर खांबाला वेढून खाली ओढणाऱ्यांची ताकदही त्यामुळे वर जाणाऱ्या दगडाला मिळे.

शिवाय साधे गणित आहे. पिरॅमिडचा आकारच असा की खालच्या एक तृतीयांश उंचीत सत्तर टक्के दगड बसतो आणि वरच्या एक तृतीयांशात चार टक्केही राहत नाही. म्हणजे टोकाकडचे काम कितीही जिकिरीचे असले, तरी डोंगराचा बहुतेक भाग पन्नास मीटरच्या खालीच उरकलेला असतो. खरी कसोटी त्या काळात लागे, कारण एकाच वेळी सर्वाधिक माणसे, सर्वाधिक नावा आणि सर्वाधिक भाकरी तेव्हाच लागत.

आता हेतूकडे वळू. याबाबतीत कल्पनाशक्तीला कधीच तोटा नव्हता. मध्ययुगीन युरोपला ही बायबलमधल्या योसेफाची धान्यकोठारे वाटली. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या मोझेइकमध्ये तशी ती दाखवलीही आहेत. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचा राज्यखगोलज्ञ पियाझी स्मिथ याने पिरॅमिडच्या मापांत ईश्वरी इंच शोधून काढला. त्याच्या सिद्धान्ताने भारावलेल्या कुटुंबातला सत्तावीस वर्षांचा फ्लिंडर्स पेट्री १८८० मध्ये गिझाला गेला, एका रिकाम्या थडग्यात बिऱ्हाड मांडून राहिला आणि दोन हंगाम मोजणी करून परतला. त्याच्या आकड्यांनी ईश्वरी इंचाचा निकाल लावला. लेखक दानिकेनच्या परग्रहवासीयांना मात्र अजून कोणी मोजपट्टी लावू शकलेले नाही, कारण त्यांनी मागे एकही खापरी ठेवलेली नाही.

इजिप्तच्या लोकांनी स्वतः काय लिहून ठेवले, ते उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये वाचायला मिळते. काळ सुमारे इ.स.पू. २३५०. १८८१ मध्ये गास्तों मास्पेरो आत शिरला तेव्हा दालनाच्या भिंती निळ्या अक्षरांच्या उभ्या रांगांनी भरलेल्या होत्या आणि छतावर तारे कोरलेले होते. दोनशेहून अधिक मंत्रांचा हा संच म्हणजे राजाच्या आकाशप्रवासाची सामग्री. तो शिडीने चढतो, सूर्यकिरणांवरून चढतो, धूपाच्या धुराबरोबर चढतो, पक्षी होऊन उडतो. त्याला कधीही न मावळणाऱ्या उत्तरेच्या ताऱ्यांमध्ये जाऊन बसायचे आहे आणि सूर्यदेव रा याच्या नावेत जागा मिळवायची आहे. खुफूच्या पिरॅमिडच्या दक्षिणेला १९५४ मध्ये सापडलेली देवदाराची ४३ मीटर लांब नाव याच कल्पनेशी जोडली जाते. १,२२४ सुटे तुकडे खड्ड्यात नीट रचून ठेवले होते. अहमद युसूफ मुस्तफा यांनी वर्षानुवर्षे खपून ते जोडले.

पण या मंत्रांचा मोठा भाग आकाशाविषयी नसून जेवणाविषयी आहे. भाकरी, बिअर, मांस, तेल, कापड यांच्या लांबलचक याद्या. माणूस मेला तरी त्याचे का हे प्राणतत्त्व उपाशी राहता कामा नये, ही श्रद्धा त्यामागे होती. त्यामुळे पिरॅमिड एकटा कधीच नव्हता. पूर्वेला त्याचे मंदिर, तिथून उतरणारी दगडी वाट, पायथ्याशी पाण्याकाठचे दुसरे मंदिर आणि भोवती पुजाऱ्यांची वस्ती. स्नेफेरूच्या दहशूरच्या मंदिरात स्त्रियांची एक मिरवणूक कोरलेली आहे. प्रत्येकीच्या हातात अन्नाचे ताट. प्रत्येक स्त्री म्हणजे मंदिराला लावून दिलेले एकेक गाव, प्रांतवार रांगेने उभे. जमिनीच्या नोंदवहीलाच शिल्पकाराने पाय दिले.

अबुसिरला नेफेरिरकारे राजाच्या मंदिरातून १८९३ मध्ये जे पपायरस मिळाले, त्यांत या मंदिराचा दैनंदिन कारभार दिसतो. कोणत्या महिन्यात कोणाची पाळी, दाराशी पहारा कोणाचा, कोणते भांडे चिरले आहे, कोठून किती भाकरी यायच्या होत्या आणि किती आल्या. पुजारी पाच गटांत विभागलेले आणि प्रत्येक गटाचे दोन भाग. दहा महिन्यांत एकदा पाळी. गटांची नावे तीच, नावेच्या भागांची, जी दगड ओढणाऱ्या टोळ्यांना होती. आणि राजापुढे मांडलेले अन्न, देवापुढच्या नैवेद्याचा आपल्याकडे प्रसाद होतो तसे, शेवटी सेवेकऱ्यांतच वाटले जाई. पिरॅमिड हे अशा रीतीने शेकडो कुटुंबांचे वतन झाले होते.

वतन म्हटले की सवलती आल्या. स्नेफेरूला जाऊन सुमारे तीनशे वर्षे झाली असताना पेपी पहिला या राजाने दहशूरच्या पिरॅमिडवस्तीला कर आणि वेठ माफ केल्याचा हुकूम दगडावर कोरवला. अशा माफ्या वाढत गेल्या की नव्या राजाच्या कोठारात काय येणार? पिरॅमिडांचा आकार तर त्याआधीच घटला होता. मेनकौरेचा पिरॅमिड ६५ मीटरच भरला आणि त्याची मंदिरे मागे राहिलेल्यांनी कच्च्या विटांत उरकली. जॉर्ज रायझनरने १९०८ नंतर त्याचे पायथ्याचे मंदिर खणले तेव्हा अंगणात पुजाऱ्यांच्या वंशजांची खुराड्यासारखी घरे आणि धान्याच्या कणग्या निघाल्या. इ.स.पू. २२०० च्या सुमारास नाईलचे पूर उणे पडू लागले, प्रांताधिकारी शिरजोर झाले आणि जुने राज्य मोडले. पुढच्या राजांनी पिरॅमिड बांधले, पण बरेचसे मातीच्या विटांचे. इ.स.पू. १५२५ च्या सुमारास आहमोसने अबायडॉसला बांधला तो इजिप्तमधला शेवटचा राजपिरॅमिड. थडगी नंतर राजांच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटात गेली. तिथल्या कारागिरांचे धान्य तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी थकले, तेव्हा त्यांनी काम टाकून मंदिराशी बैठक मारली. इतिहासातला हा पहिला नोंदलेला संप; त्याचा पपायरस इटलीत तुरीनला आहे.

गिझाचा मात्र मोठा तुकडा अजून हाती लागायचा आहे. पठाराच्या पायथ्याशी नझलत अल-सम्मान हे गजबजलेले गाव आहे. घोडे-उंट भाड्याने देणाऱ्यांची घरे, दुकाने, पर्यटकांच्या गच्च्या. १९९० च्या सुमारास तिथे सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी खोदाई झाली, तेव्हा घरांच्या कित्येक हात खाली काळ्या बेसॉल्टची फरसबंदी लागली. ती खुफूच्या पायथ्याच्या मंदिराची असावी. त्याच खोदाईत वस्तीचे थर, विटांच्या भिंती आणि खापऱ्याही लागल्या. मेरेरची नाव जिथे लागत असे तो धक्का आणि जलाशय याच परिसरात असले पाहिजेत. सध्या वस्तीतल्या मोकळ्या जागा शोधून, नळी घालून जमिनीतला गाळ वर काढतात आणि त्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. २०२२ मध्ये अशाच नमुन्यांवरून नाईलच्या एका बुजलेल्या शाखेची पातळी ठरवता आली. खुफू, खाफ्रे आणि मेनकौरे यांच्या काळात तिच्यात नावा चालण्याइतके पाणी होते, हे त्यातून दिसले.